स्टार्टचे बटण मध्ये सरकले. आता काय करावे?

पत्र : सातारा जिल्ह्यातील एका पतसंस्थेत मी वरिष्ठ लिपिक आहे. निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत. गेल्या महिन्यात कार्यालयातले सगळे संगणक बदलले आणि नव्या संगणकांवर विंडोज ११ आले. जी कामे आजवर न बघता होत होती, ती आता शोधत बसावी लागतात. स्टार्टचे बटण कोपऱ्यातून मध्ये गेले आहे आणि माउस सवयीने कोपऱ्यात नेला की बातम्यांचे पान उघडते. राइट क्लिकमधला ‘सेंड टू’ नाहीसा झाला आहे, त्यामुळे पेन ड्राइव्हवर फाइली घेताना रोज अडते. सभेच्या जुन्या नोटिसा मंगल फॉन्टमध्ये आहेत, त्यांच्या ओळी पुढेमागे होऊन एका पानाची नोटीस दुसऱ्या पानावर जाते. शेजारच्या टेबलावरचा नवा मुलगा ‘मॅडम, सोपं आहे’ म्हणत माझ्या हातातला माउस घेतो आणि क्षणात करून टाकतो. मला मात्र त्यातले काहीच उमगत नाही. भाचा म्हणतो, एक फुकटचे सॉफ्टवेअर टाकले की सगळे पहिल्यासारखे दिसेल. टाकू का? घरच्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे, तो तसाच ठेवला तर चालेल का? की माझेच डोके आता चालेनासे झाले आहे? (नाव छापू नये.)

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुम्ही शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्या ओझ्याखाली दबलेले दिसतात. तुमच्या डोक्याला काहीही झालेले नाही. ज्या कामासाठी डोके लागत नव्हते, ते काम पुन्हा डोक्याकडे आले आहे, म्हणून दिवसअखेर थकवा जाणवतो. स्टार्टचे बटण १९९५ सालच्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ बरोबर आले आणि मधला थोडा काळ सोडला तर २०२१ पर्यंत ते पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातच होते. इतकी वर्षे जी गोष्ट एकाच जागी असते, ती माणूस डोळ्यांनी शोधत नाही; हात आपोआप तिकडे वळतो. टेबलावरच्या नव्या मुलाला हे सोपे वाटते, कारण त्याच्या हाताला मोडावी लागेल अशी जुनी सवयच नाही. ते त्याचे कौशल्य नव्हे आणि तुमची उणीव तर त्याहून नव्हे.

शिवाय तुमची तक्रार केवळ सवयीपुरती नाही, तिच्यात तथ्यही आहे. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली माणसाच्या हालचालींविषयी जो नियम मांडला, त्याचा सारांश असा की लक्ष्य जितके लहान आणि जितके दूर, तितका तिथे अचूक पोचायला वेळ जास्त लागतो. संगणकाच्या पडद्याचा कोपरा मात्र याला सुखद अपवाद ठरतो, कारण माउस कितीही जोरात सारला तरी बाण कोपऱ्यात जाऊन अडतो आणि नेम धरण्याची गरजच उरत नाही. पडद्याच्या मध्यभागी असलेल्या बटणाला ही सोय नाही. त्यात भर अशी की, विंडोज ११ मध्ये पडद्याच्या तळाच्या पट्टीवरची, म्हणजे टास्कबारवरची, सगळी बटणे मध्यभागी धरून मांडलेली असल्यामुळे एखादा नवा प्रोग्रॅम उघडला की सगळी रांग थोडी डावीकडे सरकते आणि तिच्याबरोबर स्टार्टचे बटणही. म्हणजे सकाळी एक्सेल एकटे उघडे असताना स्टार्ट जिथे होते, तिथे ते दुपारी टॅली, ब्राउझर आणि वर्ड उघडल्यावर नसते. मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात हवामानाची खूण बसवली आहे आणि बाण तिच्यावर नुसता रेंगाळला तरी बातम्यांचा फलक उघडतो. तुम्हाला चकवणारे ‘बातम्यांचे पान’ ते हेच. मांडणी सुंदर दिसावी म्हणून हाताची खात्री घालवणे हा माझ्या मते वाईट सौदा होता, आणि असे वाटणाऱ्या तुम्ही एकट्या नाही.

याआधीही असे घडले आहे. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज ८ ने तर स्टार्टचे बटणच काढून टाकले होते आणि त्या जागी पडदाभर रंगीत चौकोन मांडले होते. बोटाने चालवायच्या टॅब्लेटसाठी केलेली ती रचना टेबलावरच्या संगणकांच्या माथी मारल्याबद्दल जगभर इतकी ओरड झाली की वर्षभरात, २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये, विंडोज ८.१ मध्ये बटण परत आले, आणि २०१५ च्या जुलैमध्ये विंडोज १० बरोबर पूर्ण मेनू परतला. विंडोज ११ चेही तसेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते आले तेव्हा टास्कबारवरच्या प्रत्येक खिडकीचे नाव दाखवण्याची सोय काढलेली होती, ती २०२३ मध्ये परत आली. फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रॅमवर नेण्याची सोयही काढली होती, ती २०२२ मध्ये परत आली. हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की ओरड ऐकली जाते, पण ती ऐकली जाईपर्यंत एक-दोन आर्थिक वर्षे निघून जातात आणि तुमची रोजकीर्द तितके दिवस थांबत नाही. तेव्हा कंपनी काय परत आणेल याची वाट न पाहता, आज हाती काय आहे ते पाहू.

सगळे जुन्यासारखे करून घेण्याचा हट्ट मात्र धरू नका. जे सेटिंग्जमध्ये अधिकृतपणे बदलता येते तेवढे बदला आणि उरलेल्याबाबत सवय बदला. ही सवय कोणत्या बाजूने बदलायची, हाच या उत्तरातला महत्त्वाचा भाग आहे आणि त्याकडे थोड्या वेळाने येतो.

आधी कोपरा परत मिळवा. टास्कबारच्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक केले की ‘टास्कबार सेटिंग्ज’ दिसते. ते उघडून अगदी खालचा ‘टास्कबार बिहेवियर्स’ हा भाग उलगडा. तिथे ‘टास्कबार अलाइनमेंट’समोर ‘सेंटर’ लिहिलेले असेल, ते ‘लेफ्ट’ करा. स्टार्टचे बटण त्याच क्षणी आपल्या जुन्या जागी येते. याच पानावर वरच्या बाजूला ‘विजेट्स’ असे एक बटण आहे, ते बंद केले की हवामान आणि बातम्या दोन्ही जातात. आणखी थोडे खाली टास्कबारवरची बटणे एकत्र करण्याविषयीचा पर्याय आहे, त्यात ‘नेव्हर’ निवडा. हा तिसरा बदल तुमच्यासारख्यांना फार उपयोगी आहे. एका वेळी कर्जखात्यांचा तक्ता, ठेवींचा तक्ता आणि लेखापरीक्षकांनी मागवलेले विवरण अशा तीन एक्सेल फाइली उघड्या असतात, आणि मूळ मांडणीत त्या तिघी मिळून एकच हिरवे चिन्ह दिसते. हवी ती फाइल काढायला त्या चिन्हावर थांबायचे, मग छोट्या चित्रांतून ओळखायची. ‘नेव्हर’ केल्यावर प्रत्येक फाइल आपल्या नावानिशी वेगळी दिसते.

स्टार्ट मेनूविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, पण पतसंस्थेत काम करता म्हणून एक गोष्ट आपण होऊन सांगतो. या मेनूच्या ‘रेकमेंडेड’ भागात नुकत्याच उघडलेल्या फाइलींची नावे दिसतात. काउंटरपलीकडे सभासद उभा असताना तुम्ही स्टार्ट दाबले आणि तिथे कुणा थकबाकीदाराच्या नावाची फाइल झळकली, तर ते बरे नव्हे. सेटिंग्जमध्ये ‘पर्सनलायझेशन’ आणि त्यात ‘स्टार्ट’ उघडले की अलीकडच्या फाइली दाखवण्याचा पर्याय बंद करता येतो. मात्र तो बंद केला की एक्सेलच्या चिन्हावर राइट क्लिक करून मिळणारी अलीकडच्या फाइलींची यादीही रिकामी होते, हे लक्षात ठेवा. नाहीतर आणखी एक गोष्ट हरवली म्हणून तुम्ही पुन्हा अस्वस्थ व्हाल.

आता राइट क्लिक. ‘सेंड टू’ नाहीसा झालेला नाही, तो एक पायरी मागे नेऊन ठेवला आहे. फाइलीवर राइट क्लिक केल्यावर जो आटोपशीर मेनू उघडतो, त्याच्या तळाशी ‘शो मोअर ऑप्शन्स’ असे लिहिलेले असते. त्यावर क्लिक केले की तुमचा जुना, लांबलचक मेनू जसाच्या तसा समोर येतो आणि त्यात ‘सेंड टू’ही असतो. याहून सोपा मार्ग म्हणजे डाव्या हाताने शिफ्टची कळ दाबून धरायची आणि मग राइट क्लिक करायचे, म्हणजे मधला मेनू टळतो आणि थेट जुनाच उघडतो. कट, कॉपी, पेस्ट आणि डिलीट यांचे शब्द जाऊन चित्रे आली, हाही अनेकांच्या संतापाचा विषय होता. ती चित्रांची ओळ मेनू वर उघडतो की खाली यानुसार कधी माथ्यावर तर कधी तळाशी दिसते, त्यामुळे हाताला तिचीही खात्री राहत नाही. २०२४ च्या आवृत्तीत त्या चित्रांखाली नावे आली आहेत. कंपनीची बाजूही इथे नोंदवायला हवी. जुन्या मेनूत प्रत्येक नवा प्रोग्रॅम आपापली ओळ घुसवत असे, आणि काही संगणकांवर तो मेनू पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबत असे. तो आवरणे गरजेचे होते. आवरताना कारकुनांच्या रोजच्या वापरातल्या गोष्टी आत ढकलल्या गेल्या, ही चूक झाली.

आता मघाशी मागे ठेवलेल्या मुद्द्याकडे येऊ. गेल्या तीस वर्षांत विंडोजचा चेहरा कितीदा बदलला हे मोजायला बसलो तर दमछाक होईल, पण त्या सगळ्या काळात कळफलकावरचे जोड फारसे बदललेले नाहीत. रचनाकार जे बदलतात ते पडद्यावरचे असते, म्हणजे माउसने गाठायचे असते. बोटांनी दाबायच्या कळा ते सहसा हलवत नाहीत, कारण त्या दिसत नाहीत आणि त्या हलवल्या तर मोठमोठ्या कार्यालयांचे काम ठप्प होईल हे त्यांना ठाऊक असते. याचे उत्तम उदाहरण एक्सेलमध्ये आहे. २००७ साली ऑफिसमधले जुने मेनू जाऊन रिबन नावाची बटणांची रुंद पट्टी आली, तेव्हाही असाच गदारोळ झाला होता. २००३ च्या एक्सेलमध्ये पेस्ट स्पेशलसाठी, म्हणजे कॉपी केलेल्यातले हवे तेवढेच चिकटवण्यासाठी, लोक ऑल्ट दाबून मग ई आणि एस दाबत असत. ‘एडिट’ नावाचा तो मेनू जाऊन आता इतकी वर्षे झाली, तरी हाच क्रम आजच्या एक्सेलमध्येही पेस्ट स्पेशलची चौकट उघडतो. मेनू गेला, त्याची वाट मात्र शाबूत राहिली. टॅली वापरणाऱ्यांनाही हा अनुभव नवा नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये टॅली प्राइम आले, पडदे बदलले, काही कळाही बदलल्या, तरी पेमेंटसाठी एफ ५, रिसीटसाठी एफ ६, जर्नलसाठी एफ ७ आणि व्हाउचर स्वीकारण्यासाठी कंट्रोल ए हे सगळे जागच्या जागी होते. तुम्ही टॅलीवर काम करत असाल तर ते आठवा: तिथे तुमचा हात माउसकडे जातच नाही, आणि म्हणूनच नव्या संगणकावर टॅलीविषयी तुमची एकही तक्रार नाही.

तेव्हा मोडलेली प्रत्येक सवय पुन्हा माउसवर बांधण्याऐवजी ती कळांवर बांधा. स्टार्ट शोधायचेच कशाला? विंडोजची कळ दाबा, समोर काही उघडले आहे की नाही हे न पाहता हव्या त्या प्रोग्रॅमच्या नावाची चार अक्षरे टाइप करा आणि एंटर दाबा. ही पद्धत विंडोज व्हिस्टापासून चालत आली आहे आणि ज्या विंडोज ८ मध्ये स्टार्टचे बटणच नव्हते, त्यातही ती चालत होती. फोल्डरची खिडकी हवी असेल तर विंडोजच्या कळेबरोबर ई. सगळ्या खिडक्या बाजूला सारून डेस्कटॉप पाहायचा असेल तर विंडोज आणि डी. जागेवरून उठताना पडदा कुलूपबंद करायला विंडोज आणि एल, आणि पतसंस्थेत ही सवय तर चहाला उठतानाही हवी. फाइलीचे नाव बदलायला एफ २, मग मेनूत ते चित्र वर आहे की खाली याच्याशी तुम्हाला काही कर्तव्य उरत नाही. बँकेचे विवरण आणि तुमचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून ताळमेळ घालायचा असेल, तर एका खिडकीत असताना विंडोजच्या कळेबरोबर डावा बाण आणि दुसरीत उजवा बाण. दोन्ही अर्धा अर्धा पडदा घेतात. विंडोज आणि झेड दाबले तर पडद्याचे तीन किंवा चार भाग करण्याचे आराखडेही समोर येतात, आणि विंडोज ११ ने दिलेल्या नव्या गोष्टींपैकी ही एक मला मनापासून आवडलेली आहे. विंडोज आणि व्ही ही जोडीही शिकून घ्या. पहिल्यांदा दाबल्यावर ती चालू करण्याची परवानगी विचारते आणि मग तुम्ही कॉपी केलेल्या शेवटच्या अनेक गोष्टी यादीत दाखवते, त्यामुळे सभासदाचे नाव, खाते क्रमांक आणि रक्कम एकामागून एक कॉपी करून मग हव्या त्या क्रमाने चिकटवता येतात.

हे सगळे एका दिवसात शिकायचे नाही. ज्या दिवशी ज्या गोष्टीने सर्वांत जास्त अडवले, तिचीच कळ त्या दिवशी टेबलावरच्या वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी ते काम माउसने करायचेच नाही असे ठरवा. सुरुवातीला वेळ जास्त लागतो आणि मागे माणसे उभी असताना तो वेळ फार मोठा वाटतो, म्हणून नवी कळ दुपारच्या शांत वेळी शिका, सकाळच्या भरण्याच्या गर्दीत नको.

मराठीचा प्रश्न तुम्ही ओघात लिहिला आहे, पण माझ्या दृष्टीने तुमच्या तक्रारींपैकी सर्वांत तातडीचा तोच आहे, कारण बाकीच्या अडचणींत तुमचा वेळ जातो आणि या अडचणीत सभासदांच्या हाती जाणारा कागद बिघडतो. मंगल हा फॉन्ट पूर्वी विंडोजबरोबर आपोआप येत असे. विंडोज १० पासून देवनागरीसाठी निर्मला यूआय हा फॉन्ट मुळात दिला जातो, आणि मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ नावाच्या वेगळ्या संचात ठेवले आहेत. संगणकावर मराठी किंवा हिंदी भाषा जोडली की तो संच सहसा आपोआप उतरतो. तुमच्या जुन्या संगणकावर कुणीतरी ती कधीकाळी जोडलेली असणार, नव्यावर नसणार. मग वर्ड काय करते, तर मंगलच्या जागी दुसरा फॉन्ट वापरून मजकूर दाखवते. गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की वरच्या चौकटीत फॉन्टचे नाव मात्र ‘मंगल’ असेच दिसत राहते. अक्षरांची रुंदी आणि ओळींमधले अंतर बदलल्यामुळे ओळी पुढेमागे होतात आणि विषयपत्रिकेतला शेवटचा विषय व सचिवांची सही पुढच्या पानावर जाऊन पडते.

यावर उपाय साधा आहे. सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘ऑप्शनल फीचर्स’ टाइप करा, तिथून नवे फीचर जोडण्याचा पर्याय घ्या आणि यादीत ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ शोधून तो संच बसवा. इंटरनेट लागते, आणि कार्यालयाच्या संगणकावर कदाचित प्रशासकाचा पासवर्डही लागेल. वर्ड बंद करून पुन्हा उघडले की नोटीस पुन्हा एका पानात बसायला हवी. ज्या संगणकावरून ती छापली जाते त्यावरही हे करा. जिल्हा कार्यालयाला ई-मेलने पाठवताना वर्डची फाइल न पाठवता पीडीएफ करून पाठवा, म्हणजे पलीकडच्या संगणकावर कोणते फॉन्ट आहेत यावर तुमची नोटीस अवलंबून राहणार नाही.

मराठी टंकनासाठी विंडोजची कळ आणि स्पेसबार ही जोडी भाषा बदलते, आणि ती विंडोज १० मध्येही हीच होती. एक सावधगिरी बाळगा. मराठीत आता दोन प्रकारचे कळफलक मिळतात. एक जुना इनस्क्रिप्ट, ज्यावर शासकीय टंकन चालते, आणि दुसरा २०१९ पासून आलेला फोनेटिक, ज्यावर रोमन अक्षरांच्या उच्चारावरून मराठी उमटते. दोन्ही जोडलेले असतील तर स्पेसबारने फिरताना कधी एक येतो, कधी दुसरा, आणि एखादे अक्षर दाबून भलतेच उमटल्यावर पुन्हा आपलेच चुकले असे वाटू लागते. तुम्ही जो वापरता तो ठेवा आणि दुसरा भाषेच्या सेटिंग्जमधून काढून टाका. त्या मुलाला फोनेटिक हवा असेल तर तो त्याच्या संगणकावर ठेवील.

भाच्याच्या सॉफ्टवेअरविषयी माझे मत स्पष्ट आहे: कार्यालयाच्या संगणकावर ते टाकू नये. अशी साधने आहेत, त्यांतली काही प्रामाणिक आणि कसदार आहेत, आणि घरच्या संगणकावर कुणी हौसेने वापरत असेल तर त्याला मी नावे ठेवणार नाही. पण ती टास्कबार आणि फोल्डरच्या खिडक्या चालवणाऱ्या मूळ यंत्रणेत हात घालून काम करतात. विंडोजचे मोठे अपडेट आले की त्यांचा आणि त्या यंत्रणेचा मेळ तुटू शकतो आणि एखाद्या सकाळी पडद्यावर टास्कबारच नाही अशी वेळ येऊ शकते. ती सकाळ महिन्याच्या पहिल्या तारखेची असेल तर? शिवाय त्या संगणकावर ठेवीदारांची माहिती आहे. फुकटच्या नावाखाली भलत्याच ठिकाणाहून उतरवलेल्या प्रोग्रॅममधून काही शिरले, तर चौकशीत नाव तुमचे येईल, भाच्याचे नाही. रजिस्ट्री नावाच्या भागात एक ओळ घालून जुना राइट क्लिक मेनू कायमचा आणता येतो, हेही तुम्हाला कुणीतरी सांगेल. ते खरे आहे, पण तो बदल करायचा की नाही हे संगणकांची देखभाल करणाऱ्याने ठरवावे आणि सगळ्या संगणकांवर सारखाच करावा. शिफ्ट दाबून राइट क्लिक करायला शिकलात की त्याची निकडही उरत नाही.

घरच्या लॅपटॉपचे उत्तर तितकेसे आवडणारे नाही. विंडोज १० साठीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर लॅपटॉप बंद पडत नाही, पण त्यात सापडणारी सुरक्षेची नवी छिद्रे बुजवली जात नाहीत. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची जी योजना जाहीर केली, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी आहे आणि तिच्यात नाव नोंदवायला मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. लॅपटॉप विंडोज ११ ला चालेल की नाही हे ‘पीसी हेल्थ चेक’ नावाच्या त्यांच्याच प्रोग्रॅमने कळते. साधारण २०१८ च्या आधीचा असेल तर बहुधा चालणार नाही, कारण ठरावीक प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप ही त्यांची अट आहे. धडधाकट लॅपटॉप अशा अटीमुळे अडगळीत जावेत हे मलाही पटत नाही. पण न पटणे वेगळे आणि त्या लॅपटॉपवरून नेट बँकिंग करत राहणे वेगळे. अपडेट मिळणे थांबले की निदान पैशांचे व्यवहार त्यावरून करू नका. दुसरेही एक कारण आहे: दिवसा कार्यालयात ११ आणि रात्री घरी १० असे चालले तर हाताला नवी सवय लागायला उगाच जास्त दिवस लागतील.

राहिला तो मुलगा. तो वाईट आहे असे तुमच्या पत्रातून वाटत नाही, उतावळा आहे एवढेच. पुढच्या वेळी त्याला मदतीला बोलावताना आधीच सांगा, ‘माउस माझ्याच हातात राहू दे, तू फक्त तोंडाने सांग.’ तोंडाने सांगायचे झाले की त्यालाही प्रत्येक पायरीचे नाव आठवावे लागते, तुम्हाला ती लिहून घेता येते आणि पाहता पाहता त्याचा वेग तुमच्या वेगावर येतो. त्याच्याकडून विंडोज शिकताना व्हाउचर लिहिण्याची आणि ताळमेळाची तुमची रीत त्याला शिकवायला संकोच करू नका. व्यवस्थापकांना एक विनंती लेखी करून पाहा: संगणक बदलल्यावर सर्व कर्मचाऱ्यांसाठी देखभाल करणाऱ्याने कार्यालयात येऊन निदान एक दुपार द्यावी. संगणक घेताना ही गोष्ट ठरवून घ्यायला हवी होती, आणि पुढच्या खरेदीच्या ठरावात ती घालता येईल. तक्रार थेट कंपनीकडे नोंदवायची असेल तर विंडोजची कळ आणि एफ दाबले की ‘फीडबॅक हब’ उघडतो. तिथे आपल्या अडचणीसारखी आधीच नोंदवलेली तक्रार शोधून तिला मत देता येते, किंवा नवी लिहिता येते. आज चार ओळी लिहून ठेवल्यात तरी पुरे.

एकाच वेळी सगळ्याला हात घालू नका. पुढच्या सभेची नोटीस निघण्यापूर्वी मंगल बसवून घ्या, आणि त्याच दिवशी टास्कबार डावीकडे आणून विजेट्स बंद करा, त्याला पाच मिनिटेही लागणार नाहीत. कळांचे शिकणे सवडीने होऊ द्या. मार्चअखेर जवळ आली असेल तर ते सरळ एप्रिलवर ढकला.